कै. बाळू पालवणकर

शनिवारीं दुपारीं शाळा सुटली म्हणजे आमच्या यवत गांवचीं मुलें बॅट व चेंडू घेऊन मोकळ्या रानाकडे धांवत सुटतात. बॅट बहुधा सुताराकडून करून घेतलेली, यष्ट्या बाभळीच्या, आणि खेळपट्टी म्हणजे ज्वारी निघून गेल्यावर उन्हानें टणक झालेली जमीन. त्या खेळांत एक गोष्ट नेहमीं आमच्या दृष्टीस पडते. बॅट प्रत्येकास आधीं पाहिजे असते. परंतु चेंडू टाकण्यास किंवा कुंपणापलीकडे गेलेला चेंडू शोधून आणण्यास कोणी आपण होऊन पुढें येत नाहीं. तें काम जो लहान, अथवा ज्याच्यापाशीं बॅट नाहीं, त्याच्या वांट्यास येतें.

ज्यांचें चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढें ठेवीत आहों, त्यांच्या आयुष्याचा आरंभ याच कामापासून झाला. दुसऱ्यांनीं फलंदाजी करावी व यांनीं चेंडू टाकावे, अशी महिना चार रुपयांची ती चाकरी होती. त्याच चेंडूच्या बळावर ते पुढें समुद्र ओलांडून युरोप खंडांत गेले, आणि जेथें हा खेळ जन्मास आला त्या इंग्लंडांतील जाणत्या लोकांनीं त्यांची गणना उत्तम गोलंदाजांत केली. हे गृहस्थ म्हणजे कै. बाळू पालवणकर. खेळाच्या जगांत ते पी. बाळू या नांवानें ओळखले जात. आमच्या वर्गांत आजच्या खेळाडूंचीं नांवें मुलांस तोंडपाठ आहेत. पण बाळूंचें नांव आम्हीं विचारलें तेव्हां सर्वत्र शांतता पसरली. हा दोष मुलांचा नव्हे. हिंदुस्थानचा पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ च्या जून महिन्यांत लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर झाला, आणि बाळूंची कारकीर्द त्यापूर्वीं अकरा बारा वर्षेंच संपलेली होती. कसोटी सामन्यांच्या याद्या पाठ करणाऱ्यास त्यांचें नांव कोठून भेटणार?

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथें झाला. कुटुंब चर्मकार ज्ञातीचें, म्हणजे त्या काळच्या समाजानें अस्पृश्य मानलेलें. पालवण या गांवावरून पालवणकर हें आडनांव पडलें. वडील लष्करी खात्यांत नोकरीस असल्यामुळें मुलांचें लहानपण पुण्यास गेलें. त्या वेळीं एका पुण्यांत दोन पुणीं नांदत होतीं असें म्हटलें तरी चालेल. एक पेठांचें, वाड्यांचें व शास्त्री-पंडितांचें. दुसरें लष्कराचें, जेथें सकाळीं कवाईत व सायंकाळीं क्रिकेट चाले. पेठांच्या पुण्यांत बाळूंस विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नव्हती. लष्करांत साहेबांनीं टाकून दिलेल्या बॅटी व झिजलेले चेंडू मात्र उचलण्यास कोणाची मनाई नव्हती. त्याच सामानावर बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम यांनीं हा खेळ आत्मसात् केला. घरांत मिळवत्या हातांची गरज असल्यामुळें शाळा लवकरच सुटली.

पहिली नोकरी मिळाली ती पारशी गृहस्थांच्या एका क्रिकेट क्लबांत. पट्टी झाडावयाची, रूळ फिरवावयाचा, आणि सभासदांची लहर लागली म्हणजे त्यांस चार चेंडू टाकावयाचे. पगार महिना तीन रुपये. पुढें १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबांत गेले व पगार एक रुपयानें वाढून चार झाला. येथेंही काम तेंच: पट्टीवर रूळ फिरविणें, रेघा मारणें, सरावासाठीं जाळीं उभीं करणें, टेनिसच्या अंगणाची निगा ठेवणें. एके दिवशीं ट्रॉस नांवाच्या साहेबानें या नोकरास जाळ्यांत चेंडू टाकून पाहण्यास सांगितलें. बाळू डावखुरे होते. त्यांचा चेंडू मंद गतीनें येई, पण प्रत्येक चेंडूची गति सारखी नसे. तो हवेंत किंचित् तरंगे, ज्या जागीं टाकावयाचा त्याच जागीं पडे, व पडल्यावर कधीं बाहेर तर कधीं आंत वळे. फलंदाजास तो सोपा वाटे, आणि त्या वाटण्यांतच त्याचा घात होई.

पूना क्लबांत त्या वेळीं कॅप्टन ग्रेग नांवाचे एक लष्करी अधिकारी खेळत असत. अंगानें ठेंगणे, पण हिंदुस्थानांतील युरोपियन फलंदाजांत त्यांच्या तोडीचा दुसरा क्वचितच होता. (हेच ग्रेग निवृत्तीनंतर रोमन कॅथलिक धर्मोपदेशक झाले, ही गोष्ट आमच्या वाचकांस मौजेची वाटेल.) बाळूंची गोलंदाजी खेळून आपला हात तयार होतो हें ग्रेगसाहेबांनीं ओळखिलें, व इतर सभासद येण्यापूर्वीं तासभर आधीं येऊन ते बाळूंकडून चेंडू टाकवून घेऊं लागले. आपणांस बाद केल्यास दर वेळीं आठ आणे देण्याचें त्यांनीं कबूल केलें होतें असें सांगतात. आमच्या विद्यार्थ्यांनीं हा हिशेब करून पाहावा. महिन्याचा पगार चार रुपये. म्हणजे साहेबांस आठ वेळां बाद केलें कीं दुसरा पगार हातीं पडला! गोलंदाजीची शाळा याहून कडक व याहून फायद्याची कोणती असूं शकेल? तथापि या शाळेंत एक विषय मुळींच शिकविला जात नव्हता. क्लबाच्या जाळ्यांत बाळूंनीं शेंकडों तास चेंडू टाकले, पण त्यांच्या हातांत बॅट कोणीं दिली नाहीं. फलंदाजी हें साहेबांचें काम होतें व चेंडू टाकणें हें नोकराचें.

साहेबांस बाद करणारा एक चर्मकार मुलगा लष्करांत आहे ही बातमी पेठांत पोहोंचण्यास वेळ लागला नाहीं. पुण्यांतील हिंदु क्लबास युरोपियनांचा पराभव करावयाचा होता, व तो करून देणारा गोलंदाज दीड दोन मैलांवर होता. पण त्यास संघांत घ्यावें कसें? क्लबांत दोन तट पडले. तेलंगी खेळाडू बाळूंस घेण्यास अनुकूल होते; कांहीं ब्राह्मण सभासदांस तें मान्य नव्हतें. शेवटीं ग्रेगसाहेबांनींच वर्तमानपत्रांतून सुचविलें कीं, अशा गोलंदाजास दूर ठेवण्यांत हिंदूंचें स्वतःचेंच नुकसान आहे. या बोलण्यांत उदारपणा किती होता आणि सामन्यांतही बाळूंशीं गांठ पडावी ही इच्छा किती होती, हें आम्हांस सांगतां येत नाहीं. पण परिणाम इष्ट झाला. बाळूंस संघांत घेतलें.

येथें त्या काळची एक विलक्षण व्यवस्था सांगितली पाहिजे. मैदानांत अकरा जणांचा चेंडू एकच असे. बाळूंच्या हातांतून तो यष्टिरक्षकाच्या हातांत जाई, तेथून सीमेवरच्या क्षेत्ररक्षकाच्या, पुन्हां बाळूंच्या. त्यांत कोणास विटाळ होत नसे. चहाची सुटी झाली म्हणजे मात्र इतर दहा जण मंडपांत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, व बाळूंस मंडपाबाहेर मातीच्या बोळक्यांत चहा मिळे. तें बोळकें मागाहून फेंकून देतां येई. तोंड धुवावयाचें असल्यास त्यांच्याच समाजाचा एक नोकर दूर कोपऱ्यांत पाणी घालीत असे. जेवणही वेगळें, ताट वेगळें. सुटी संपतांच पंच पुन्हां हांक मारीत, आणि तोच चेंडू पुन्हां सर्वांच्या हातीं फिरूं लागे. आम्हीं हें वर्गांत सांगितलें तेव्हां एका लहान मुलानें विचारलें कीं, चेंडूस विटाळ कां होत नव्हता? या प्रश्नास त्या क्लबांतील विद्वानांपाशीं काय उत्तर होतें कोण जाणे.

बाळूंच्या गोलंदाजीनें हिंदूंनीं पुण्याच्या युरोपियनांस हरविलें. साताऱ्यास गोऱ्यांच्या जिमखान्याशीं सामना ठरला तेव्हां बाळूंच्या फिरकीची धार बोथट व्हावी म्हणून यजमानांनीं आठवडाभर पट्टीवर रूळ फिरवून ती दगडासारखी करविली. रूळ फिरविण्यांतच ज्याचें आयुष्य गेलें त्यास रुळाचा धाक काय? बाळूंनीं सात गडी बाद केले व हिंदु संघ जिंकला. पुण्यास परत आल्यावर संघाचा सत्कार झाला. त्या प्रसंगीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं बाळूंचा गौरव करून संघांतील मंडळीस सुनावलें कीं, ज्याच्याबरोबर तुम्ही खेळतां त्याच्याबरोबर खाण्यापिण्यांत भेद ठेवणें शोभत नाहीं. पुढें एका जाहीर सभेंत टिळकांनींही बाळूंची प्रशंसा केली. सामाजिक सुधारणेच्या बाबतींत रानडे व टिळक यांचें एकमत क्वचितच होत असे. बाळूंच्या बाबतींत तें झालें.

१८९६-९७ च्या प्लेगनें पुण्याची घडी विस्कटली. आमच्या भागास ते दिवस आणखी एका कारणानें आठवतात. पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतील दुष्काळांतून सोडवून आणिलेल्या मुलींस प्लेगच्या निर्बंधांमुळें पुण्यांत ठेवतां येईना, म्हणून त्यांनीं त्यांस आपल्या यवतेजवळच्या केडगांव येथील शेतावर आणिलें, व तेथेंच मुक्तिसदन उभें राहिलें. त्याच सुमारास बाळू पुणें सोडून मुंबईस गेले. कांहीं काळ लष्करी खात्यांत काढून ते बाँबे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेंत नोकरीस लागले व रेल्वेच्या संघाकडून खेळूं लागले. मुंबईस मरीन लाइन्सच्या किनाऱ्यावर परमानंददास जीवनदास हिंदु जिमखाना नुकताच सुरू झाला होता. तेथेंही पुण्याचाच वाद पुन्हां झाला, व कीर्तिकर नांवाच्या कप्तानांनीं आग्रह धरल्यामुळें बाळूंचा प्रवेश झाला. शिवरामही पुढें त्याच संघांत आले.

१९०६ च्या फेब्रुवारींत हिंदु संघाचा मुंबई इलाख्यांतील युरोपियनांशीं सामना बाँबे जिमखान्याच्या मैदानावर झाला. ते वंगभंगाच्या चळवळीचे दिवस होते. जपाननें रशियास नमविल्यास वर्षही झालें नव्हतें. अशा वेळीं गोऱ्यांशीं सामना म्हणजे नुसता खेळ कसा राहील? मैदानाभोंवतीं माणसांची दाटी झाली. हिंदूंनीं पहिल्या डावांत २४२ धांवा केल्या, युरोपियनांनीं १९१. दुसऱ्या डावांत हिंदु १६० धांवांत बाद झाले, व युरोपियनांस जिंकण्यास २१२ धांवांची गरज उरली. त्यांचा सर्व संघ १०२ धांवांत गारद झाला. बाळूंनीं पहिल्या डावांत ४१ धांवांत तीन व दुसऱ्यांत ३७ धांवांत पांच गडी बाद केले. हिंदु १०९ धांवांनीं विजयी झाले. मुंबईच्या इंडियन सोशल रिफॉर्मर पत्रानें या विजयाचें श्रेय केवळ खेळास न देतां, संघांत गुणी माणसास जात न पाहतां घेतलें या गोष्टीस दिलें. पुण्यास चहाचें बोळकें वेगळें होतें. मुंबईस पुढें बाळूंस इतरांच्या पंक्तीस घेतलें गेलें. पुढच्याच वर्षीं हिंदूंनीं युरोपियनांस पुन्हां हरविलें.

आतां विलायतेची कथा. १९११ सालीं हिंदुस्थानचा पहिला प्रातिनिधिक संघ इंग्लंडास निघाला. पारशी, हिंदु व मुसलमान असे तिन्ही समाजांचे खेळाडू त्यांत होते, आणि कप्तान होते पतियाळाचे शीख महाराज भूपिंदरसिंग, वय अवघें एकोणीस. बाळू व शिवराम या दोघां बंधूंची निवड झाली. बाळूंचें वय तेव्हां पस्तीस. गोलंदाजाच्या खांद्यास हें वय थोडें नव्हे, आणि त्यांचा खांदा दुखतही होता.

इंग्लंडांत त्या वेळीं खेळाडूंचे दोन वर्ग होते. जे पैसे न घेतां खेळत ते सभ्य गृहस्थ, व ज्यांचें पोट खेळावर चाले ते नुसते खेळाडू. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, मैदानांत उतरण्याचे दरवाजे वेगळे, पुष्कळ ठिकाणीं जेवणही वेगळें. फलंदाजी बहुधा सभ्य गृहस्थांची आणि घाम गाळून गोलंदाजी करणें बहुधा पगारदारांचें, हा प्रकारही पुण्यासारखाच. हा भेद तेथें १९६२ सालापर्यंत टिकला. तेव्हां अशा वाटण्या केवळ आमच्याच देशांत झाल्या असें समजण्याचें कारण नाहीं. मात्र तेथें चांगला पगारदार गोलंदाज दुसऱ्याच्या भांड्यास शिवला म्हणून कोणी भांडें फोडीत नसे, हाही फरक ध्यानांत ठेवावा. आजकाल खेळाडू एका खंडांतून दुसऱ्या खंडांत सहज जातात. कॅनडांतील बर्फावर हॉकी खेळणारा गडी एका हंगामांत अमेरिकेंत तर दुसऱ्यांत स्वीडनमध्यें पगारावर खेळतो, व त्यांत कोणास नवल वाटत नाहीं. १९११ सालीं महिना चार रुपयांपासून वर चढलेल्या माणसानें मुंबईहून आगबोटींत बसून लंडनास खेळावयास जाणें ही गोष्ट निराळी होती.

संघाची कामगिरी मात्र आरंभीं फारच निराशेची झाली. तें राजे पांचवे जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचें वर्ष. महाराजांस मेजवान्या व भेटीगांठी यांतून सवड मिळेना. पहिल्या थोड्या सामन्यांनंतर ते मैदानावर दिसेनासे झाले, आणि त्यांचे चिटणीस असलेले मिस्त्री, जे संघांतील उत्तम फलंदाज होते, तेही बहुधा त्यांच्याबरोबरच असत. इतर खेळाडूंस थंड हवा, ओली पट्टी व सामन्यामागून सामने यांचा अनुभव नव्हता. एकामागून एक पराभव होत गेले. त्या सर्व पडझडींत एक बाळूंचा हात तेवढा थकला नाहीं. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनीं एका डावांत १०३ धांवांत आठ गडी बाद केले. लेस्टरशायर परगण्याविरुद्ध त्यांनीं दोन डावांत मिळून अकरा गडी बाद केले व हिंदी संघास पहिला महत्त्वाचा विजय मिळाला. त्यानंतर सॉमरसेटशीं झालेल्या सामन्यांत शेवटचा एकच गडी शिल्लक असतां विजय मिळाला. त्यांत शिवरामनीं नाबाद ११३ धांवा काढल्या. ज्या दोघां भावांनीं साहेबांच्या टाकलेल्या बॅटींवर खेळ शिकला, त्यांपैकीं धाकट्यानें त्याच साहेबांच्या देशांत शतक ठोकलें!

दौऱ्यांत एकंदर तेवीस सामने झाले. सहा जिंकले, पंधरा हरले, दोन अनिर्णित राहिले. बाळूंनीं सर्व सामन्यांत मिळून ११४ गडी बाद केले, व प्रत्येक गड्यामागें सरासरी १९ हूनही कमी धांवा दिल्या. त्यांतील ७५ गडी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. हरणाऱ्या संघाकडून, दुखऱ्या खांद्यानें, परक्या हवेंत केलेली ही कामगिरी आहे. इंग्रज जाणकारांनीं त्यांची तुलना यॉर्कशायरचे प्रसिद्ध डावखुरे गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशीं केली. ऱ्होड्स यांस जो पगार, जें पद व जी कीर्ति मिळाली, तिचा विचार मनांत आणला म्हणजे ही तुलना गोड वाटत नाहीं, कडू वाटते.

दौऱ्याहून परत आल्यावर मुंबईच्या दलित समाजानें बाळूंचा जाहीर सत्कार केला. त्यांस दिलेल्या मानपत्राच्या लेखनांत एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकणाऱ्या एका वीस वर्षांच्या तरुणाचा हात होता. त्याचें नांव भीमराव रामजी आंबेडकर. ज्या समाजास विहीर बंद, देऊळ बंद व शाळेंत बसण्यास वेगळी जागा, त्यांतील एका माणसाचें नांव विलायतच्या वर्तमानपत्रांत छापून आलें होतें. तरुण आंबेडकरांस त्या वेळीं बाळूंविषयीं केवढा अभिमान वाटला असेल याची कल्पना करतां येते.

यापुढची हकीकत थोडी दुःखाची आहे. हिंदु, पारशी व युरोपियन यांचे तिरंगी सामने १९०७ पासून होत असत. १९१२ सालीं मुसलमानांचा संघ त्यांत आला व ते चौरंगी झाले. हिंदु संघांत बाळूंइतका अनुभवी व बाळूंइतका यशस्वी दुसरा कोणी नव्हता. तरीही कप्तान निवडण्याची वेळ येई तेव्हां दर वर्षीं नांव दुसऱ्याचें निघे. चेंडू त्यांच्या हातीं देण्यास सर्व तयार होते. अकरा जणांवर हुकूम चालविण्याचा अधिकार त्यांस देण्यास कोणी तयार नव्हतें. १९१३ सालीं मुकुंद पै कप्तान झाले. एका समारंभांत त्यांनीं स्पष्टपणें सांगितलें कीं, हा मान आपणांस नव्हे तर आपले ज्येष्ठ स्नेही बाळू यांस मिळावयास पाहिजे होता. पै यांच्याविषयीं आम्हांस मोठा आदर वाटतो. स्वतःच्या गळ्यांत पडलेली माळ दुसऱ्याची आहे असें उघड सांगणारे लोक थोडे असतात.

बाळूंचे धाकटे बंधु विठ्ठल व गणपत हेही आतां हिंदु संघांत खेळूं लागले होते. विठ्ठल हे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिकलेले, सुशिक्षित व उत्कृष्ट फलंदाज होते. चार सख्खे भाऊ एका समाजाच्या संघांत खेळावेत हें उदाहरण दुर्मिळच म्हटलें पाहिजे. गणपत अल्पायुषी ठरले.

१९२० च्या चौरंगी सामन्यांत वाद उघड्यावर आला. बाळूंस संघांतून वगळलें, पै आजारी पडले, व कप्तानपद विठ्ठल यांस न देतां पुण्याचे प्रोफेसर देवधर यांस देण्यांत आलें. देवधर हे थोर खेळाडू होते यांत शंका नाहीं, व पुढील काळांत त्यांनीं मोठी कीर्ति मिळविली. पण त्या वेळीं अनुभवानें विठ्ठल वडील होते. विठ्ठल व शिवराम यांनीं संघांतून अंग काढून घेतलें, व आपणांवर जातीमुळें अन्याय झाला असें जाहीर पत्रक काढिलें. आजवर पालवणकर बंधूंनीं जें कांहीं सोसलें तें मुकाट्यानें सोसलें होतें. पत्रक काढण्याचा हा पहिलाच प्रसंग. शहरांत चर्चा माजली. महात्मा गांधींची अस्पृश्यतेविरुद्धची वाणी त्याच वर्षीं देशभर ऐकूं येऊं लागली होती, व लोकमत बंधूंच्या बाजूस झुकलें. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यास पै बरे होऊन परत आले, भाऊही परतले, आणि बाळूंस केवळ संघांतच घेतलें नाहीं तर उपकप्तान केलें. सामना चालू असतां पै कांहीं वेळ मुद्दाम मैदान सोडून आंत गेले, आणि तेवढा वेळ बाळू पालवणकर हिंदु संघाचे कप्तान झाले. वय पंचेचाळीसच्या घरांत, केंस पांढरे होऊं लागलेले. क्षेत्ररक्षक कोठें उभे करावे हें त्यांनीं त्या दिवशीं स्वतः ठरविलें. पूना क्लबाच्या जाळ्यांत चेंडू टाकावयास लागल्यापासून अठ्ठावीस वर्षांनीं हा तासाभराचा अधिकार त्यांस मिळाला.

बाळूंचें मोठ्या सामन्यांतील खेळणें तेथेंच थांबलें. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी भरले, सरासरी १५.२१. तीन वर्षांनीं, १९२३ सालीं, विठ्ठल हिंदु संघाचे रीतसर कप्तान झाले. त्यांच्या हाताखालीं ब्राह्मण खेळले, क्षत्रिय खेळले, आणि युरोपियनांस हरविल्यावर लोकांनीं विठ्ठल यांस खांद्यावर उचलून घेतलें. विठ्ठल यांनीं पुढें १९४८ सालीं माझें क्रीडा-जीवन हें आत्मवृत्त मराठींत प्रसिद्ध केलें. ज्या विद्यार्थ्यांस या कुटुंबाची हकीकत सविस्तर वाचावयाची असेल त्यांनीं तें मिळवून वाचावें.

राजकारणांतील बाळूंचा भाग आम्ही थोडक्यांत सांगतों, कारण त्यावर आजही मतभेद आहेत व शाळेच्या वार्षिकांत त्यांचा निकाल लावण्याची आमची इच्छा नाहीं. १९३२ सालीं दलितांस स्वतंत्र मतदारसंघ मिळावे कीं नाहीं यावरून गांधीजींनीं येरवड्याच्या तुरुंगांत उपोषण आरंभिलें, व २४ सप्टेंबर रोजीं पुणें करार झाला. त्या करारावर डॉ. आंबेडकरांची सही आहे, तशी पी. बाळू यांचीही आहे. स्वतंत्र मतदारसंघांमुळें समाज कायमचा दुभंगेल असें बाळूंचें मत होतें, डॉ. आंबेडकरांचें मत त्याच्या उलट होतें, आणि त्यांनीं ती सही किती नाइलाजानें केली हें सर्वांस ठाऊक आहे. एकाच दुःखांतून आलेले हे दोन पुरुष; एकानें आपल्या समाजाच्या स्वतंत्र बळावर विश्वास ठेविला, दुसऱ्यानें इतरांच्या हृदयपालटावर. ज्या बाळूंस बोळक्यापासून पंक्तीपर्यंत व पंक्तीपासून तासाभराच्या कप्तानपदापर्यंत इतरांचीं मनें पालटलेलीं पाहावयास मिळालीं, त्यांनीं तसा विश्वास ठेवावा यांत आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं. ती पालट होण्यास अठ्ठावीस वर्षें लागलीं, असें दुसऱ्या बाजूनें कोणी म्हणाल्यास त्यांतही आम्हांस चूक दिसत नाहीं.

१९३७ च्या मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकींत काँग्रेसनें बाळूंस प्रत्यक्ष डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभें केलें. सव्वीस वर्षांपूर्वीं ज्यांनीं मानपत्र लिहिण्यास हात लाविला व ज्यांनीं तें स्वीकारलें, ते आतां एकमेकांसमोर उभे राहिले. डॉ. आंबेडकरांस १३,२४५ मतें पडलीं, बाळूंस ११,२२५. डॉ. आंबेडकर विजयी झाले. राजकारणाच्या मैदानावर बाळू त्यानंतर फारसे दिसले नाहींत.

स्वराज्य आलें, अस्पृश्यता घटनेनें नष्ट करण्यांत आली, जातवार व धर्मवार संघांचे सामने १९४६ नंतर बंद पडले. हें सर्व त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. १९५५ सालच्या जुलै महिन्याच्या ४ तारखेस मुंबई येथें त्यांचें देहावसान झालें. बंधु विठ्ठल त्यांच्या मागें सोळा वर्षें जगले.